एआय चिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनव्हिडियाच्या शेअरची बातमी आली, घरात नवा लॅपटॉप घ्यायचा झाला किंवा बारावीनंतर कोणी ‘चिप डिझाइन’चं नाव काढलं, की हे प्रश्न ठरलेले. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना पान लागतं. मेमरीचा विषय खाली पुन्हा पुन्हा येईल. तो टाळून एआय चिपबद्दल धड काही सांगता येत नाही, आणि जाहिरातींत नेमका तोच टाळलेला असतो.

एआय चिप साध्या प्रोसेसरपेक्षा वेगळी कशी?

सीपीयूच्या, म्हणजे संगणकातल्या साध्या प्रोसेसरच्या, वाट्याला कोणतं काम येईल हे तो बनवताना ठाऊक नसतं. बँकेचं सॉफ्टवेअर, गेम, एक्सेल, ब्राउझर, सगळं त्यानेच चालवायचं. त्यामुळे त्याच्या सिलिकॉनचा मोठा हिस्सा ‘पुढे काय’ हे ठरवण्यात जातो: पुढची सूचना कोणती असेल याचा अंदाज बांधायचा, सूचनांचा क्रम बदलायचा, लागेल तो डेटा आधीच कॅशेमध्ये, म्हणजे चिपवरच्या छोट्या जलद मेमरीत, आणून ठेवायचा. प्रत्यक्ष बेरीज-गुणाकार करणारे भाग त्या मानाने थोडेच.

न्यूरल नेटवर्कचं, म्हणजे आजच्या एआयमागच्या गणिती रचनेचं, काम मात्र आधीपासून माहीत असतं. एक संख्या घ्या, दुसरीने गुणा, आधीच्या बेरजेत मिळवा. मग पुढची. हेच अब्जावधी वेळा, आणि ‘जर-तर’ जवळपास नाहीच. मग ठरवाठरवीची यंत्रणा काढून त्या जागी नुसते गुणक भरले तर? एआय चिपची मूळ कल्पना एवढीच आहे.

मग यात ग्राफिक्स कार्ड कुठून आलं?

गेममधलं चित्र काढणं म्हणजे लाखो पिक्सेलवर एकाच वेळी तोच हिशेब करणं. त्यासाठी जीपीयूमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरच्या चिपमध्ये, हजारो छोटी गणकयंत्रं असतात. एनव्हिडियाने २००७ मध्ये ‘कुडा’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं आणि हीच यंत्रं गेमशिवाय इतर गणितासाठीही वापरता येऊ लागली. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रं ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत बाकीच्यांना मागे टाकलं. त्यांचं नेटवर्क प्रत्येकी ३ जीबी मेमरीच्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर पाच-सहा दिवस शिकत होतं. गेम खेळणाऱ्यांसाठी दुकानात मिळणारी कार्डं होती ती.

२०१७ च्या व्होल्टा पिढीपासून एनव्हिडियाने जीपीयूच्या आतच मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांच्या तक्त्यांच्या, गुणाकाराचे खास भाग बसवले, त्यांना टेन्सर कोर म्हणतात. त्यामुळे ‘जीपीयू की एआय चिप’ हा वाद आता फारसा उरलेला नाही. एनव्हिडियाच्या डेटा सेंटरांसाठीच्या एच१०० चिपला जीपीयू म्हणतात खरं, पण तिच्यावर मॉनिटर जोडायला पोर्टसुद्धा नाही.

गुगलला स्वतःची चिप का काढावी लागली?

गुगलमध्ये २०१३ च्या सुमारास एक साधा हिशेब मांडला गेला. लोक रोज तीन मिनिटं बोलून सर्च करू लागले आणि आवाज ओळखायचं काम न्यूरल नेटवर्कने केलं, तर कंपनीला आपल्या डेटा सेंटरांची क्षमता दुप्पट करावी लागेल. तीन मिनिटांसाठी एवढी इमारत, एवढी वीज आणि एवढे सर्व्हर, हे परवडणारं नव्हतं.

मग पंधरा महिन्यांत टेन्सर प्रोसेसिंग युनिट, म्हणजे टीपीयू, तयार झालं. २०१५ पासून ते गुगलच्या डेटा सेंटरांत चालू होतं, पण जगाला कळलं मे २०१६ मध्ये. त्याआधी दोनच महिने नामवंत खेळाडू ली सेडोलला गो या पटावरच्या खेळात हरवणारा अल्फागो हा प्रोग्रॅम याच चिपांवर चालला होता. २०१७ मध्ये नॉर्मन जुप्पी आणि सहकाऱ्यांनी या चिपवर सविस्तर शोधनिबंध लिहिला. कंपन्या एरवी अशा गोष्टी झाकून ठेवतात. या एका निबंधामुळे बाहेरच्या लोकांना आत काय आहे ते आकड्यांसकट बघायला मिळालं. चिप डिझाइनमध्ये रस असलेल्या कोणालाही मी आधी तोच वाचायला सांगतो, कारण यश कुठे मिळालं यासोबत चिप कुठे अडते हेही त्यात सांगितलं आहे.

त्या काळच्या सर्व्हरमधल्या सीपीयू आणि जीपीयूच्या तुलनेत टीपीयू सरासरी १५ ते ३० पट वेगवान निघालं. दर वॅटमागच्या कामात फरक त्याहून मोठा, ३० ते ८० पट. आणि हे जुन्या २८ नॅनोमीटर तंत्रावर (हा आकडा जितका लहान, तितकं चिप बनवण्याचं तंत्र नवं).

टीपीयूच्या आत नेमकं काय असतं?

पहिल्या टीपीयूच्या मधोमध २५६ ओळी आणि २५६ स्तंभांची जाळी होती. प्रत्येक चौकटीत ८ बिटांचा एक गुणक आणि त्याला जोडलेला बेरीज करणारा भाग. एकूण ६५,५३६. घड्याळ सेकंदाला ७० कोटी ठोक्यांचं. प्रत्येक ठोक्याला प्रत्येक चौकट एक गुणाकार आणि एक बेरीज करते, म्हणून ६५,५३६ × २ × ७० कोटी, म्हणजे सेकंदाला सुमारे ९२ लाख कोटी क्रिया. एक टॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया, ‘९२ टॉप्स’ हा आकडा इथून येतो.

कौतुक वाटावं अशी गोष्ट मात्र जाळीच्या रचनेत आहे. नेटवर्कची वजनं, म्हणजे शिकून झालेल्या संख्या, आधी चौकटींत जाऊन बसतात. मग डेटा एका बाजूने आत शिरतो आणि दर ठोक्याला एक चौकट पुढे सरकतो. गुणाकार होतो, बेरीज खालच्या चौकटीकडे जाते. मधला आकडा कुठेही साठवून ठेवायचा नाही, परत वाचायचा नाही, शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. एकदा वाचलेली संख्या अशी २५६ वेळा कामाला येते. याला सिस्टॉलिक ॲरे म्हणतात. ही कल्पना एच. टी. कुंग आणि चार्ल्स लायझरसन यांनी १९७८ मध्येच मांडली होती. योग्य काम मिळेपर्यंत ती चाळीसेक वर्षं पुस्तकांतच जास्त राहिली.

चिपच्या क्षेत्रफळाची वाटणीही बघण्यासारखी आहे. गुणकांची जाळी २४ टक्के, जवळची मेमरी २९ टक्के आणि नियंत्रण करणारा भाग अवघा २ टक्के. सीपीयूत हे उलटं असतं. सूचनांची यादीही डझनभराची, त्यातल्या पाचच महत्त्वाच्या: डेटा आत घ्या, वजनं वाचा, गुणा, ॲक्टिव्हेशन लावा, बाहेर लिहा. आणि एवढं सगळं हार्ड डिस्कच्या खाचेत बसेल अशा कार्डावर, कारण चालू सर्व्हर न बदलता ते आत सरकवता यायला हवं होतं.

आकडेमोड इतकी जलद, तर मग अडतं कुठे?

ने-आणीत. त्याच टीपीयूच्या निबंधात सहा प्रत्यक्ष कामं मोजली होती. त्यातल्या चार ठिकाणी गुणक बराच वेळ रिकामे बसून होते, कारण वजनं साध्या डीडीआर३ मेमरीतून सेकंदाला ३४ जीबी एवढ्याच वेगाने येत होती. लग्नघरी शंभर आचारी उभे केले आणि भाजी आणायला एकच टेम्पो ठेवला, तर जेवण वेळेत होणार नाही. निबंधातच लिहिलं आहे की त्या वेळच्या जीपीयूसारखी वेगवान मेमरी जोडली असती तर प्रत्यक्ष काम सुमारे तिप्पट झालं असतं. गुणक एकही न वाढवता.

विजेचा हिशेब याहून बोलका आहे. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर चिपसाठी काही आकडे मांडले होते, ते आजही वर्गात शिकवतात. ३२ बिटांच्या दोन दशांश संख्यांचा गुणाकार करायला ३.७ पिकोज्यूल ऊर्जा लागते. तीच ३२ बिटांची संख्या चिपबाहेरच्या डीरॅममधून, म्हणजे मुख्य मेमरीतून, नुसती वाचून आणायला सुमारे ६४० पिकोज्यूल. म्हणजे संख्या आणण्याचा खर्च ती गुणण्याच्या पावणेदोनशे पट. तंत्र पुढे गेलं, आकडे खाली आले, पण ही तफावत मिटलेली नाही.

म्हणून आजच्या मोठ्या एआय चिपच्या अंगालाच मेमरी चिकटवलेली असते. तिचं नाव एचबीएम. डीरॅमच्या पातळ चकत्या एकावर एक रचतात, त्यांच्यातून उभ्या तारा काढतात आणि ही चवड चिपच्या शेजारी त्याच सिलिकॉनच्या पायावर बसवतात. अंतर मिलिमीटरांत येतं आणि मार्ग रुंद होतो: एच१०० ला मेमरीकडे जाणारा मार्ग ५,१२० बिट रुंदीचा, तर घरच्या संगणकातल्या एका रॅम स्टिकचा ६४ बिटांचा. सेकंदाला ३.३५ टेराबाइट वेग मिळतो तो यामुळे.

आणखी पुरावा हवा असेल तर एच२०० बघा. गणित करणारी चिप एच१०० चीच. फक्त मेमरी ८० ऐवजी १४१ जीबी आणि वेग ४.८ टेराबाइट. एवढ्या बदलावर ती नवं मॉडेल म्हणून विकली गेली, आणि भाषेच्या मोठ्या मॉडेलांवर ती खरोखरच बरीच पुढे आहे.

हा हिशेब मला घरी करून बघता येईल का?

येईल, कॅल्क्युलेटर पुरे. चॅटबॉट उत्तर देताना एकेक टोकन, म्हणजे शब्दाचा तुकडा, काढतो. साध्या रचनेच्या मॉडेलमध्ये प्रत्येक टोकनसाठी सगळी वजनं एकदा मेमरीतून वाचावी लागतात. म्हणून:

मेमरीचा वेग ÷ मॉडेलचा आकार = सेकंदाला जास्तीत जास्त टोकन.

८०० कोटी पॅरामीटरचं, म्हणजे तितक्या वजनांचं, मॉडेल घेऊ. प्रत्येक वजन १६ बिटांचं ठेवलं तर १६ जीबी, ४ बिटांवर आणलं तर ४ जीबी. डीडीआर५-५६०० च्या दोन स्टिक लावलेल्या लॅपटॉपचा मेमरी वेग सेकंदाला ८९.६ जीबी. म्हणजे १६ बिटांत सेकंदाला साडेपाच टोकन आणि ४ बिटांत २२. एच१०० वर हेच मॉडेल १६ बिटांत २०९ पर्यंत जाईल. प्रत्यक्षात याच्या खालीच आकडा येतो, वर कधी नाही.

आता गंमत बघा. सेकंदाला २२ टोकन काढायला आकडेमोड किती लागते? एका टोकनला साधारण १,६०० कोटी क्रिया, म्हणजे सेकंदाच्या २२ टोकनना ०.३५ टॉप्स. लॅपटॉपच्या डब्यावर ४० टॉप्स छापलेलं असतं. त्यातला एक टक्काही इथे वापरला जात नाही.

मग टॉप्सचा आकडा खोटा असतो का?

खोटा नसतो, अर्धवट असतो. तुम्ही वीस पानांची पीडीएफ दिली तर ती वाचताना हजारो टोकन एकदम हाताळले जातात. तिथे एकदा आणलेलं वजन हजारो वेळा कामाला येतं आणि टॉप्स खरोखर उपयोगी पडतात. फोटोतली पार्श्वभूमी काढणं, व्हिडिओ कॉलमधला आवाज साफ करणं यांनाही. पण तो आकडा किती बिटांवर मोजला आहे ते बारीक अक्षरात असतं. ४ बिटांवरचा आकडा ८ बिटांच्या दुप्पट दिसतो. काही कंपन्या ‘विरळ’ मॅट्रिक्स धरून, म्हणजे अर्धी वजनं शून्य समजून, आणखी दुप्पट करतात.

‘एआय लॅपटॉप’ घ्यावा का?

त्या नावासाठी जादा पैसे देऊ नका. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस पीसी’साठी अट ठेवली: किमान ४० टॉप्सचा एनपीयू (न्यूरल नेटवर्कसाठीचा वेगळा प्रोसेसर), १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज. यातली माझ्या मते सगळ्यात कामाची अट १६ जीबी रॅमची. तिच्यामुळे निदान ८ जीबीचे लॅपटॉप मागे पडले.

लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर तपकीर गल्लीत, दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: रॅमची एकच स्टिक आहे की दोन? १६ जीबीची एकच स्टिक लावलेली असेल तर मेमरीचा वेग सरळ निम्मा होतो आणि वरचे २२ टोकन ११ वर येतात. रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर मेमरी बँडविड्थ किती ते बघा. ॲपलच्या साध्या एम४ मध्ये ती सेकंदाला १२० जीबी आहे, एम४ प्रो मध्ये २७३. किमतीतला फरक कशाचा, याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

फोनमध्येही अशी चिप असते म्हणतात?

असते, २०१७ पासून. त्या वर्षी चीनच्या हुवावेच्या किरिन ९७० मध्ये आणि ॲपलच्या ए११ मध्ये न्यूरल नेटवर्कसाठी वेगळा भाग आला. ॲपलचा पहिला न्यूरल इंजिन सेकंदाला ६०,००० कोटी क्रिया करायचा. चेहरा बघून फोन उघडतो ते याचं काम. फोटो तुमच्या हातातच प्रक्रिया होतो, इंटरनेटवर जायची गरज पडत नाही.

बिट कमी केले तर उत्तर चुकत नाही का?

आश्चर्य वाटेल, पण फारसं नाही. न्यूरल नेटवर्कचं उत्तर लाखो छोट्या बेरजांतून येतं, त्यातली एकेक थोडी इकडेतिकडे झाली तरी एकूण कल बदलत नाही. बँकेच्या खात्यात हे चालणार नाही. मांजर ओळखायला चालतं.

शिकवताना मात्र काळजी घ्यावी लागते, कारण तिथे दुरुस्त्या अतिशय बारीक असतात आणि त्या शून्यात हरवू शकतात. म्हणून गुगलने दुसऱ्या टीपीयूत ‘बीफ्लोट१६’ वापरलं. ३२ बिटांच्या संख्येतले घातांकाचे ८ बिट तसेच ठेवले, आवाका कायम राहिला आणि बारकावा ७ बिटांवर आणला. ही युक्ती इतकी सोयीची ठरली की आता जवळपास सगळेच ती वापरतात. पुढे ८ बिटांचे दशांश आले, आणि एनव्हिडियाच्या ब्लॅकवेल पिढीच्या चिपांमध्ये ४ बिटांचेही. ४ बिटांत जास्तीत जास्त १६ वेगवेगळ्या किमती बसतात. एवढ्यात काम भागतं हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

ट्रेनिंगची चिप वेगळी आणि वापराची वेगळी का?

ट्रेनिंगमध्ये, म्हणजे मॉडेल शिकवताना, हजारो चिपांनी एकच काम वाटून घ्यायचं असतं, त्यामुळे चिप-चिपमधली जोडणी महत्त्वाची. गुगलच्या चौथ्या टीपीयूत ४,०९६ चिपा प्रकाशाच्या स्विचांनी जोडल्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आयर्नवूडचा सगळ्यात मोठा संच ९,२१६ चिपांचा.

वापरात, म्हणजे इन्फरन्समध्ये, माणूस समोर वाट बघत असतो. पहिल्या टीपीयूच्या एका कामाला मर्यादा होती ७ मिलिसेकंदांची. आता चॅटबॉट असेल तर अनेकांचे प्रश्न एकत्र चालवतात: वजनं एकदा वाचायची आणि शंभर जणांचा एकेक टोकन काढायचा. एच१०० मध्ये आणलेल्या प्रत्येक बाइटवर जवळपास ३०० क्रिया केल्या तरच गुणक पूर्ण भरलेले राहतात, आणि एकट्यादुकट्या माणसाच्या प्रश्नात एका बाइटला एकच क्रिया होते. एआय सेवा मोठ्या कंपन्यांना स्वस्तात देता येते, घरच्या मशीनवर तितकी स्वस्त पडत नाही, याचं हे कारण.

एनव्हिडियाला अजून कोणी गाठलं का नाही?

चिप बनवणारे बरेच आहेत. एएमडी आहे. ॲमेझॉनच्या इन्फरेन्शिया आणि ट्रेनियम, मायक्रोसॉफ्टची माया, मेटाची एमटीआयए. पण २००७ पासून विद्यापीठांत, कंपन्यांत आणि वसतिगृहांच्या खोल्यांत जे कुडावर लिहिलं गेलं, ते सगळं दुसऱ्या चिपवर त्याच वेगाने चालवून दाखवणं हे चिप बनवण्याइतकंच अवघड काम आहे. नवी चिप येते, तिचे आकडे झकास असतात, आणि मग कोणीतरी आपलं मॉडेल तिच्यावर चालवायला जातो आणि एक छोटंसं फंक्शन सापडत नाही. स्वतःचं सॉफ्टवेअर स्वतः लिहिणाऱ्या गुगलसारख्या कंपनीला हे जमतं. बाकीच्यांना पायटॉर्चने, म्हणजे मॉडेल लिहायच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरने, बऱ्यापैकी वाट मोकळी करून दिली आहे, पण अजून सपाट रस्ता नाही.

पूर्ण वेगळा विचार करणारं कोणी आहे का?

सेरेब्रास. बाकीचे सिलिकॉनच्या गोल चकतीतून अनेक चिपा कापतात, हे जवळजवळ सगळ्या चकतीची एकच चिप ठेवतात: साडेएकवीस सेंटिमीटरचा चौरस, ४ लाख कोटी ट्रान्झिस्टर, ९ लाख कोर (छोटे प्रोसेसर) आणि चिपवरच ४४ जीबी मेमरी. एच१०० चं क्षेत्रफळ ८१४ चौरस मिलिमीटर, याचं ४६,२२५. एवढ्या मोठ्या तुकड्यात दोष येणारच, म्हणून खराब कोर वगळून रस्ता वळवायची सोय आधीच केलेली असते.

ग्रोक (Groq, त्याच उच्चाराच्या चॅटबॉटशी संबंध नाही) ही जोनाथन रॉस यांनी सुरू केलेली कंपनी. ते आधी गुगलच्या टीपीयूवर होते. तिच्या चिपला बाहेरची मेमरीच नाही, आत २३० एमबी एसरॅम, म्हणजे चिपवरचीच वेगवान मेमरी. वेग जबरदस्त, पण मोठं मॉडेल बसवायला अशा शेकडो चिपा लागतात. ने-आणीचा प्रश्न सुटला, जागेचा सुरू झाला.

या चिपा बनतात कुठे?

डिझाइन बहुतेक कॅलिफोर्नियात, त्यातला बराच हिस्सा बंगळूरु, हैदराबाद आणि पुण्यात बसलेल्या इंजिनिअरांच्या हातून जातो. प्रत्यक्ष निर्मिती जवळजवळ सगळी तैवानच्या टीएसएमसीकडे. त्यासाठी लागणारी ईयूव्ही यंत्रं, म्हणजे अतिनील प्रकाशाने सिलिकॉनवर नक्षी उमटवणारी यंत्रं, जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. त्या यंत्रात वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला ५०,००० वेळा लेझर मारून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश काढतात. एचबीएम येते एसके हायनिक्स, सॅमसंग आणि मायक्रॉनकडून. चिप आणि मेमरी एका पायावर बसवायचं काम पुन्हा टीएसएमसी करते. २०२३ मध्ये जगभर टंचाई झाली तेव्हा नड याच शेवटच्या टप्प्याची होती.

अमेरिकेचे निर्बंध कशावर आहेत?

ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनला प्रगत एआय चिपा विकण्यावर बंधनं आली आणि पुढच्या ऑक्टोबरात ती आवळली. नियमांत बसावी म्हणून एनव्हिडियाने एच२० ही चिप काढली. तिची आकडेमोड एच१०० च्या साधारण सातव्या हिश्शावर आणली, पण मेमरीचा वेग सेकंदाला ४ टेराबाइट, म्हणजे एच१०० पेक्षाही जास्त. वर टोकनचा हिशेब केला असेल तर हे काय झालं ते लगेच लक्षात येईल. एप्रिल २०२५ मध्ये तिलाही परवान्याची अट लागली.

भारतासाठीही जानेवारी २०२५ मध्ये चिपांच्या संख्येवर मर्यादा घालणारा नियम जाहीर झाला होता. तो लागू होण्याआधीच मे महिन्यात मागे घेतला.

आपल्याकडे काय आहे?

पुण्याला हा अनुभव जुना आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तोही बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिपा एकत्र जोडूनच. त्याच सी-डॅकमधला ‘ऐरावत’ हा एआय महासंगणक जून २०२३ च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत ७५ व्या क्रमांकावर होता. आतल्या चिपा एनव्हिडियाच्या.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने १०,३७२ कोटींच्या इंडियाएआय मिशनला मंजुरी दिली. त्यातून स्टार्टअप आणि संशोधकांना सवलतीच्या दराने जीपीयू मिळतात. सुरुवातीचं लक्ष्य १०,००० चं होतं, ते केव्हाच ओलांडलं. पनवेलजवळ योट्टाच्या डेटा सेंटरात एच१०० आहेत.

आणि ‘भारतात एआय चिप कधी बनणार’ याचं उत्तर: धोलेऱ्यात टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा कारखाना २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड तंत्रांसाठी आहे. एच१०० तिथे बनणार नाही. पण पहिलं टीपीयू २८ नॅनोमीटरचंच होतं हे वर आलंच आहे. कॅमेरे, मीटर, शेतीतले सेन्सर यांच्या छोट्या एआय चिपांना तेवढं पुष्कळ झालं. बातम्यांत मात्र ‘२ नॅनोमीटर’शिवाय कोणाचं समाधान होत नाही.

मराठीत प्रश्न विचारला तर चिपला जास्त काम पडतं का?

पडतं. ‘नमस्कार’ हा शब्द संगणकात सात चिन्हांचा आणि २१ बाइटचा, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. इंग्रजी अक्षर एका बाइटचं. जुन्या मॉडेलांचे टोकन बनवणारे प्रोग्रॅम इंग्रजीवर बेतलेले होते, ते मराठीचे पार तुकडे करायचे. जितके तुकडे, तितक्या वेळा सगळी वजनं वाचणं. म्हणजे तितका वेळ, तितकी वीज, आणि सेवा विकत घेत असाल तर तितकं बिल.

मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणताना तुलना दिली होती: एकाच मजकुराला मराठीत आधी ९६ टोकन लागायचे, नव्या पद्धतीत ३३. इंग्रजीत २७ चे २४ झाले. चिप तीच, काम मराठीसाठी एका फटक्यात जवळपास एक तृतीयांश. मराठी सेवा बनवणाऱ्यांनी चिप निवडण्याआधी टोकन मोजावेत.

वीज किती खातात?

एच१०० एकटी ७०० वॅटपर्यंत. ७२ ब्लॅकवेल चिपांचं एक कपाट सुमारे १२० किलोवॅट, आणि ते पंख्याने थंड होत नाही, आतून द्रव फिरवावा लागतो. दिवसरात्र पूर्ण भाराने चाललं तर रोजची २,८८० युनिट. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या घराला ती एकोणीस महिने पुरतील. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरांची रांग लागली आहे, तिथे वीज कुठून आणायची हा प्रश्न आता जागेच्या किमतीइतकाच मोठा झाला आहे.

शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

कार्ड विकत घेऊन नको. गुगल कोलॅबवर जीपीयू मर्यादित वेळ फुकट मिळतो, कॅगलवरही. तिथे एक मॅट्रिक्स गुणाकार आधी साध्या पायथनच्या लूपने करा, मग नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीने, मग जीपीयूवर, आणि वेळ लिहून ठेवा. चिप डिझाइनकडे जायचं असेल तर संगणक रचना आणि व्हेरिलॉग (चिपची रचना लिहायची भाषा) यांना पर्याय नाही. व्हेरिलॉगमध्ये ४ × ४ ची सिस्टॉलिक जाळी लिहिणं हा शेवटच्या वर्षाचा उत्तम प्रकल्प आहे. ती सिम्युलेटरवर चालते, खर्च शून्य.

घरी मॉडेल चालवायला जुनं कार्ड चालेल का?

चालेल, आणि कधी कधी नव्यापेक्षा बरं. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डाचा मेमरी वेग सेकंदाला ३६० जीबी. त्यानंतर आलेल्या आरटीएक्स ४०६० मध्ये मेमरी ८ जीबी आणि वेग २७२. गेममध्ये नवं पुढे, पण ४ जीबीच्या आपल्या मॉडेलला जुन्यावर सेकंदाला ९० टोकनपर्यंत वाव आहे, नव्यावर ६८. जुनं घेताना ते बिटकॉइनसारखी क्रिप्टो नाणी खोदायला वापरलेलं नाही ना याची चौकशी करा आणि दुकानातच अर्धा तास पूर्ण भाराने चालवून बघा. १२ जीबीचंच आहे ना हेही तपासा, कारण ३०६० चा ८ जीबीचा प्रकारही विकला जातो आणि त्याचा मेमरी वेग बराच कमी आहे. शिवाय कार्ड १७० वॅट घेतं, तेव्हा घरच्या कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय ५५० वॅटचा आहे की नाही ते आधी उघडून बघा.